फ्लिप्ड क्लासरूम : काही रूढ अपसमज आणि जालना जिल्ह्यातील महाविद्यालयीन वर्ग

प्रस्तावना

उच्च शिक्षणातील काही संज्ञा वर्गात पोहोचण्यापूर्वीच अहवालात पोहोचतात. 'फ्लिप्ड क्लासरूम' ही अशीच एक संज्ञा होय. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या, म्हणजेच नॅकच्या, २०१७ पासून लागू झालेल्या आराखड्यात अध्ययन-अध्यापनाच्या निकषाखाली अनुभवाधारित, सहभागात्मक आणि समस्या-निराकरणात्मक अशा विद्यार्थिकेंद्री पद्धतींची विचारणा होती. त्या रकान्यात काय लिहावे याचा शोध घेताना अनेक महाविद्यालयांना ही संज्ञा सोयीची वाटली. पुढे करोनाकाळ आला. मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र अध्यापनाविषयीचा संकल्पना-मसुदा प्रसिद्ध केला आणि अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकविण्याची कल्पना मांडली. त्यानंतर ही संज्ञा कार्यशाळा, उद्बोधन वर्ग आणि परिसंवाद यांच्या विषयपत्रिकेवर नित्याची झाली. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून संलग्न महाविद्यालयांतही राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रम सुरू झाले, तेव्हा तिला पुन्हा उजाळा मिळाला.

संज्ञेचा प्रसार झाला. तिच्या अर्थाची चिकित्सा मात्र त्या प्रमाणात झाली नाही. परिणामी तिच्याभोवती अपसमजांचे दाट जाळे विणले गेले आहे. त्यांतील काही समर्थकांचे आहेत, तर काही विरोधकांचे. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंच्या अपसमजांची तपासणी जालना जिल्ह्यातील महाविद्यालयीन वर्गाच्या संदर्भात केली आहे. हा संदर्भ केवळ सोयीचा म्हणून घेतलेला नाही. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा म्हणून अस्तित्वात आलेला, आठ तालुक्यांचा हा प्रदेश २०११ च्या जनगणनेत साक्षरतेच्या बाबतीत राज्याच्या सरासरीहून बराच मागे होता. येथील महाविद्यालयात बसणारा विद्यार्थी बहुधा घरातील पहिला पदवीधर होणार असतो. एखादी अध्यापनपद्धती ज्याच्या घरात अभ्यासाची परंपरा नाही अशा विद्यार्थ्याचे काय करते, हा तिचा खरा कस आहे. 'घरी शिकून या' असे सांगणाऱ्या पद्धतीचा तर तो विशेषच कस आहे.

संकल्पनेचा उगम

या संकल्पनेचा इतिहास सामान्यतः २००७ पासून सांगितला जातो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क या गावच्या शाळेत जोनाथन बर्गमन आणि आरॉन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक आपले पाठ ध्वनिचित्रमुद्रित करू लागले. २०१२ मध्ये या विषयावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. हा इतिहास खोटा नाही, पण अपुरा आहे. ओहायो राज्यातील मायामी विद्यापीठात मॉरीन लेज, ग्लेन प्लॅट आणि मायकेल ट्रेग्लिया या अर्थशास्त्राच्या अध्यापकांनी प्रारंभिक अर्थशास्त्राचा वर्ग 'उलटवून' त्यावरील निबंध २००० मध्येच प्रसिद्ध केला होता. त्याहीआधी हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातील भाग आधी वाचून यावयास सांगून वर्गाचा वेळ संकल्पनात्मक प्रश्नांसाठी राखून ठेवला. प्रश्न मांडावयाचा, प्रत्येकाने उत्तर निवडावयाचे, मग शेजाऱ्याशी वाद घालून पुन्हा निवडावयाचे, असा त्यांचा क्रम होता. त्यांचे 'पीअर इन्स्ट्रक्शन' हे पुस्तक १९९७ चे आहे.

हा इतिहास येथे नोंदविण्याचे कारण असे की, बर्गमन आणि सॅम्स यांच्या प्रयोगाचा एक तपशील आपल्याकडील चर्चेत हमखास गळून जातो. त्यांनी ध्वनिचित्रमुद्रण सुरू केले ते नवतेच्या हौसेपोटी नव्हे, तर गैरहजर विद्यार्थ्यांसाठी. शाळा आडवळणाच्या गावची. स्पर्धा आणि खेळांच्या सामन्यांसाठी विद्यार्थ्यांना दूरवर जावे लागे आणि तास बुडत. ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हते त्यांना हे शिक्षक पाठ डीव्हीडीवर उतरवून देत. अंतर आणि गैरहजेरी हाच ज्या पद्धतीचा उगम, ती पद्धती अंबड, घनसावंगी वा मंठा तालुक्यातील विद्यार्थ्याला मुळातच परकी आहे असे म्हणता येत नाही. येथील गैरहजेरीचे कारण सामन्यांचे नसून कापूस वेचणीचे, सोयाबीनच्या सोंगणीचे किंवा दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांच्या मागे घर सांभाळण्याचे असते, एवढाच फरक. अर्थात हा फरक लहान नाही.

संज्ञेच्या मराठी प्रतिशब्दाविषयी एक नोंद करणे आवश्यक वाटते. 'उलटा वर्ग' हा शब्द उपहासाला जवळचा आहे. 'व्यस्त वर्ग' हा शास्त्रीयदृष्ट्या योग्य, कारण गणितातील 'व्यस्त प्रमाण' मराठी वाचकाला परिचित आहे. परंतु हिंदीच्या प्रभावाने आजचा विद्यार्थी 'व्यस्त' म्हणजे 'कामात गुंतलेला' असाच अर्थ घेतो. (तो अर्थ या वर्गाला लागू पडावा अशी इच्छा धरण्यास हरकत नाही.) म्हणून प्रस्तुत विवेचनात रूढ इंग्रजी संज्ञाच स्वीकारली आहे.

चित्रफीत म्हणजे फ्लिप्ड क्लासरूम नव्हे

सर्वांत खोलवर रुजलेला अपसमज म्हणजे ही पद्धती चित्रफितीची पद्धती आहे, हा होय. प्राध्यापकाने आपल्या व्याख्यानाची चित्रफीत तयार केली, यूट्यूबवर चढविली आणि तिचा दुवा वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला की फ्लिप्ड क्लासरूम झाली, असे मानले जाते. दुसऱ्या दिवशी वर्गात तोच घटक त्याच क्रमाने पुन्हा शिकविला जातो, कारण निम्म्या विद्यार्थ्यांनी चित्रफीत पाहिलेली नसते. म्हणजे उलटले काहीच नाही. एकाच व्याख्यानाच्या दोन आवृत्त्या तेवढ्या निघाल्या. मझूर यांच्या प्रयोगात घरी द्यावयाची सामग्री म्हणजे छापील पुस्तक होते, ही गोष्ट या ठिकाणी ध्यानात घ्यावी. २०१४ मध्ये अमेरिकेतील फ्लिप्ड लर्निंग नेटवर्क या संस्थेने या संकल्पनेची औपचारिक व्याख्या करताना वर्ग उलटविणे आणि उलटलेले अध्ययन घडणे या दोन भिन्न गोष्टी असल्याचे मुद्दाम स्पष्ट केले. वर्गातील समूह-अवकाशाचे रूपांतर होते की नाही, ही त्या व्याख्येची कसोटी आहे.

या अपसमजाला प्रशासकीय खतपाणीही मिळाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत ई-आशय निर्मितीसाठी संशोधन व शैक्षणिक गुण देण्याची तरतूद झाली. आशय दिसतो, मोजता येतो, त्याचा पुरावा जोडता येतो. वर्गात चाळीस मिनिटे चाललेली चर्चा मात्र कोणत्याही प्रपत्रात बसत नाही. साहजिकच प्राध्यापकाची शक्ती मुद्रणाकडे वळली आणि तासाकडे दुर्लक्ष झाले. यात व्यक्तीचा दोष कमी आणि मोजमापाचा अधिक आहे.

करोनाकाळातील ऑनलाइन तासांनाही पुष्कळ ठिकाणी हेच नाव दिले गेले. वस्तुतः मार्च २०२० नंतर घडले ते याच्या नेमके विरुद्ध होते. फ्लिप्ड क्लासरूममध्ये माहिती घरी जाते ती एकत्र येण्याचा वेळ मोकळा व्हावा म्हणून. टाळेबंदीत माहिती घरी गेली आणि एकत्र येणेच नाहीसे झाले.

'यात नवे ते काय?' असा दुसरा सूर ऐकू येतो. गुरुकुलात हेच होते, असे सांगून विषय मिटविण्याची एक पद्धत आहे. तिच्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. परंतु महाराष्ट्रात या पद्धतीचे एक खरेखुरे पूर्वरूप होते आणि त्याचा उल्लेख या विषयावरील मराठी लेखनात क्वचितच आढळतो. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. संस्थापक कुलगुरू राम ताकवले यांच्या कारकिर्दीत त्याची जी रचना आकाराला आली, तिच्या केंद्रस्थानी स्वयं-अध्ययन साहित्य होते. विद्यार्थ्याने मराठीतील पुस्तक घरी वाचावे, त्यातील स्वाध्याय सोडवावेत आणि संपर्कसत्राला येताना अडचणी घेऊन यावे, ही अपेक्षा होती. पुस्तकाची भाषा, घटकांची विभागणी, मध्येमध्ये विचारलेले प्रश्न, सारे त्यासाठीच योजलेले होते. मोबाइल नव्हता, इंटरनेट नव्हते. तरीही कल्पना हीच होती.

मग संपर्कसत्रांचे काय झाले? अनेक अभ्यासकेंद्रांत ती हळूहळू रविवारची व्याख्याने बनली. विद्यार्थी न वाचता येत, म्हणून समंत्रक शिकवीत. समंत्रक शिकवितात हे ठाऊक असल्याने विद्यार्थी वाचीत नसत. या दुष्टचक्राचा अनुभव ज्या भूमीत इतका जुना आहे, तेथे फ्लिप्ड क्लासरूमविषयी लिहिताना पहिला प्रश्न चित्रफितीच्या दर्जाचा नसून न वाचता आलेल्या विद्यार्थ्याचे तासाला काय करावयाचे, हा असला पाहिजे. मायामी किंवा हार्वर्डच्या प्रयोगांत याची काही ना काही व्यवस्था होती. आपल्याकडील कार्यशाळांत ती सांगितली जात नाही.

मोसंबीचा भाव आणि मागणीचा नियम

वर्गाचा वेळ मोकळा करून त्यात काय करावयाचे, याचे एक उदाहरण विस्ताराने पाहणे उपयुक्त ठरेल. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या अर्थशास्त्रात मागणीचा नियम हा घटक असतो. रूढ तासात प्राध्यापक नियम सांगतात, कोष्टक मांडतात, वक्र काढतात, अपवाद लिहून देतात. विद्यार्थी ते उतरवून घेतात आणि परीक्षेत बरोबर लिहितात. सारे सुरळीत चालले आहे असे वाटते.

आता समजा, हाच घटक चार पानी मराठी टिपणाच्या रूपाने आदल्या आठवड्यात हाती दिला आणि तासाला तीनच प्रश्न ठेवले. पहिला : जालन्याच्या बाजारात आंबे बहाराच्या मोसंबीची आवक एकदम वाढली, भाव पडले आणि लोक पूर्वीपेक्षा जास्त मोसंबी घेऊ लागले, तर मोसंबीची मागणी वाढली काय? दुसरा : तापाची साथ आली, मोसंबीचे भाव चढले, तरी लोक पूर्वीपेक्षा जास्त घेत आहेत, तर मागणीचा नियम खोटा ठरला काय? तिसरा : आवक दीडपट झाली आणि भाव निम्म्यावर आला, तर बागाईतदाराच्या हाती पूर्वीच्या तुलनेत किती पैसा पडला?

पहिल्या प्रश्नाला 'होय' हे उत्तर जवळजवळ एकमुखाने येण्याचा संभव आहे, कारण बोलीतल्या मराठीत ते बरोबरच आहे. बाजारात कोणीही 'मागणी वाढली' असेच म्हणतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत मात्र किंमत घटल्यामुळे झालेली ही वाढ म्हणजे 'मागणीचा विस्तार' होय. 'मागणीतील वृद्धी' नव्हे. एकाच वक्रावरून खाली सरकणे आणि वक्रच उजवीकडे सरकणे, यांतील हा भेद आहे. दुसऱ्या प्रश्नात तो वृद्धीच्या रूपाने समोर येतो आणि नियमातील 'इतर परिस्थिती कायम असताना' या शब्दांना प्रथमच वजन प्राप्त होते. एरवी हे शब्द व्याख्येच्या आरंभीचा शिष्टाचार म्हणून पाठ केले जातात. तिसऱ्या प्रश्नाचे गणित सोपे आहे : दीडपट गुणिले निम्मा, म्हणजे पाऊणपट. पीक चांगले आले आणि उत्पन्न चौथाईने घटले. लवचीकता एकाहून कमी असणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी मोसंबीची बाग आहे त्याला सूत्रावाचून कळते. परंतु आपल्याला जे कळते तेच या सूत्रात लिहिले आहे, हे त्याला कोणीतरी दाखवावे लागते.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, विस्तार आणि वृद्धी यांतील गोंधळ व्याख्यानात कधीच उघड होत नाही. तो उघड होण्यासाठी विद्यार्थ्याने चूक मोठ्याने बोलली पाहिजे आणि ती ऐकणारे कोणी हवे. चूक वर्गातच व्हावी, घरी एकट्याने होऊ नये, यासाठी वर्ग उलटावयाचा असतो. गृहपाठ घरी करताना अडलेल्या विद्यार्थ्याला मदत करणारे माणूस ज्या घरात आहे, त्या घराला जुनी पद्धत पुरते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत अवघड भाग घरी आणि सोपा भाग वर्गात, अशी जी जुनी वाटणी आहे तीच मुळात अन्यायाची आहे. फ्लिप्ड क्लासरूमच्या बाजूने देता येईल असा सर्वांत सबळ युक्तिवाद हा आहे. आणि कार्यशाळांतून तोच ऐकू येत नाही.

अध्यापकाचे श्रम

'या पद्धतीत प्राध्यापकाचे काम कमी होते', असे विरोधक उपरोधाने आणि काही समर्थक आश्वासनाच्या सुरात म्हणतात. वरील उदाहरणावरून याचा फोलपणा दिसून येईल. ते तीन प्रश्न रचावयास व्याख्यानाच्या तयारीहून अधिक वेळ लागतो. चार पानांचे टिपण शुद्ध मराठीत, विद्यार्थ्याला एकट्याने वाचता येईल असे लिहिणे ही तर स्वतंत्र विद्या आहे. विज्ञान शाखेत ही अडचण दुप्पट होते. 'स्वयम्' या २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मंचावरील बहुतांश अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मराठीत चांगले पाठ उपलब्ध केले, पण ते मुख्यतः संगणक-प्रणालींचे आहेत. मराठीतून बारावी होऊन आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी चित्रफीत पाठविणे म्हणजे व्याख्यानात निदान मिळणारे मराठी स्पष्टीकरणही काढून घेणे होय.

शिवाय हे श्रम कोणी करावयाचे, हा प्रश्न आहेच. २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भार आठवड्याला १६ तासांचा धरला आहे. कायम प्राध्यापकाला उर्वरित वेळेत तयारी करता येते असे गृहीत धरता येईल. परंतु महाराष्ट्रातील महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भाग तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या खांद्यावर आहे. त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासाचे. टिपण लिहिण्याचे, प्रश्न रचण्याचे, विद्यार्थ्यांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्या आदल्या रात्री वाचण्याचे मानधन नाही. फ्लिप्ड क्लासरूम ही तासाबाहेरच्या श्रमावर उभी असलेली पद्धती आहे आणि येथील अध्यापकाचा मोबदला केवळ तासाशी बांधलेला आहे. या विसंगतीविषयी मौन बाळगून नवोपक्रमाचे आवाहन करणे, हे सौम्य शब्दांत सांगावयाचे तर अपुरे आहे.

साधनांचा प्रश्न

'आपल्या विद्यार्थ्यांकडे मोबाइल नाही, तेव्हा ही पद्धती शहरांसाठी' आणि 'आता सर्वांकडे मोबाइल आहे, तेव्हा अडचण उरली नाही' ही परस्परविरोधी विधाने एकाच प्राध्यापक-कक्षात ऐकावयास मिळतात. दोन्ही सारखीच ढोबळ आहेत. 'असर' या सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयोगटाचा अभ्यास होता. जवळपास ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन होता. मात्र तो वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, तर मुली १९.८ टक्के होत्या. म्हणजे घरात फोन आहे, पण तो वडिलांच्या वा भावाच्या खिशात आहे. चित्रफितीवर आधारलेला वर्ग कोणाला मागे ठेवील, हे या दोन आकड्यांत स्पष्ट दिसते. याच मुलींना वेळेवर बस गाठावयाची असते आणि घरी पोहोचल्यावर स्वयंपाक, पाणी, धाकटी भावंडे वाट पाहत असतात. त्यांच्या बाबतीत 'घरी अभ्यास करून या' या वाक्यातील 'घरी' या शब्दाचा अर्थच निराळा आहे.

यावरचा उपाय महागडा नाही. छापील टिपण झेरॉक्स करून देता येते. फोनवर दिलेच तर पाच-सहा मिनिटांची ध्वनिफीत चित्रफितीपेक्षा कमी डेटात उतरते. फिलिप ग्युओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्सवरील लाखो दर्शन-नोंदींचे विश्लेषण करून दाखविले की, चित्रफीत सहा मिनिटांहून लांबली की विद्यार्थ्यांचे लक्ष टिकत नाही. पन्नास मिनिटांचे व्याख्यान जसेच्या तसे मुद्रित करणाऱ्यांनी याची दखल घ्यावयास हवी. याहूनही चांगला मार्ग म्हणजे पूर्वतयारी महाविद्यालयातच करवून घेणे. त्याकडे शेवटी यावे लागेल.

संशोधन काय सांगते

या विषयावरील मराठी शोधनिबंधांत एक आकृती वारंवार भेटते : मनुष्य वाचलेल्यापैकी १० टक्के, ऐकलेल्यापैकी २० टक्के, पाहिलेल्यापैकी ३० टक्के आणि प्रत्यक्ष केलेल्यापैकी ९० टक्के लक्षात ठेवतो. आकृतीखाली एडगर डेल यांचे नाव असते. डेल यांनी १९४६ च्या आपल्या ग्रंथात 'अनुभवांचा शंकू' मांडला हे खरे. पण त्यात एकही टक्केवारी नव्हती. ती नंतर कोणीतरी चिकटविली. इतके गोल आकडे कोणत्याही प्रयोगातून निघत नाहीत, ही साधी शंका शोधनिबंधाच्या लेखकाला आणि परीक्षकालाही यावयास हवी होती.

प्रत्यक्ष पुरावा अधिक संयत आहे. व्हॅन आल्टेन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ११४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. अध्ययनफलावर या पद्धतीचा परिणाम अनुकूल, पण लहान आढळला. आणि जेथे वर्गाचा वेळ कमी केला नाही व छोट्या चाचण्यांची जोड दिली, तेथे तो अधिक होता. घरी चित्रफीत दिली म्हणून तास कमी करावेत असे सुचविणाऱ्यांनी हा निष्कर्ष पुन्हा वाचावा. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील जेन्सन, कमर आणि गोडॉय यांनी २०१५ मध्ये जीवशास्त्राच्या दोन वर्गांची तुलना केली : दोन्हींत सक्रिय अध्ययन, पण एकच वर्ग उलटलेला. फरक आढळला नाही. म्हणजे लाभ होतो तो सक्रियतेचा; उलटणे हे तिच्यासाठी वेळ काढण्याचे साधन आहे. ज्याला व्याख्यान पंचवीस मिनिटांत आटोपून उरलेल्या वेळात प्रश्न हाताळता येतात, त्याने काही उलटविण्याची गरज नाही. उत्तम व्याख्यान ही या पद्धतीची शत्रू नाही, हेही याच ओघात सांगितले पाहिजे.

जालन्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत विचार करावयास लावणारा अभ्यास वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीतील आहे. सेट्रेन आणि सहकाऱ्यांनी तेथे विद्यार्थ्यांची यादृच्छिक विभागणी करून हा प्रयोग केला. त्याचा निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. गणितात तात्पुरता लाभ दिसला, अर्थशास्त्रात दिसला नाही आणि अंतिम परीक्षेपर्यंत सरासरी लाभ टिकला नाही. जो लाभ झाला तो गोऱ्या, पुरुष आणि आधीपासून पुढे असलेल्या विद्यार्थ्यांना. दरी रुंदावली. ही स्थिती जेथे सर्व विद्यार्थी संस्थेतच राहतात आणि कोणाकडे साधनांची वानवा नाही अशा ठिकाणची आहे. वर मांडलेला न्यायाचा युक्तिवाद आणि हा निष्कर्ष यांत ताण आहे व तो लपविण्यात अर्थ नाही. वर्गातील वेळ अवघड कामाला दिल्याने दुबळ्या विद्यार्थ्याला जे मिळते, ते पूर्वतयारीचा भार घरावर टाकल्याने त्याच्याकडून हिरावलेही जाऊ शकते. कोणते पारडे जड होईल हे पूर्वतयारी कोठे व कशी होते यावर अवलंबून आहे.

विद्यार्थ्यांच्या प्रतिसादाविषयी आणखी एक सावधगिरी हवी. 'सर, तुम्ही शिकवतच नाही', अशी तक्रार या वर्गात येतेच. हार्वर्डमध्ये लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखविले की, सक्रिय वर्गातील विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. ओघवते व्याख्यान ऐकताना समजल्याचा भास होतो. अडखळताना तो होत नाही. नॅकसाठी गोळा केलेल्या समाधान-सर्वेक्षणावर अध्यापनपद्धतीचा निवाडा करणे म्हणूनच धोक्याचे आहे. तक्रार प्रत्येक वेळी खोटीच असते असेही नाही. गटचर्चा लावून स्वतः हजेरीपट भरीत बसणे यालाही काही ठिकाणी फ्लिप्ड क्लासरूम म्हटले जाते.

साहित्याच्या वर्गाचा अपवाद

सर्व विषयांना हा साचा बसतो, हा अपसमज भाषा-साहित्याच्या वर्गात चटकन उघडा पडतो. कवितेचे रसग्रहण चित्रफितीतून आधी पाठविले, तर विद्यार्थी कविता वाचतच नाही. तो रसग्रहण वाचतो. कवितेशी पहिली भेट वर्गात, मोठ्याने वाचताना, सर्वांच्या समक्ष व्हावी यात काही मोल आहे. उलट कादंबरी घरी वाचून येण्यावाचून गत्यंतर नाही आणि साहित्याच्या चांगल्या अध्यापकांनी ही अपेक्षा कोणतेही नाव न देता नेहमीच बाळगली. ती पूर्ण होत नाही याचे कारण पद्धतीत नसून ग्रंथालयात कादंबरीच्या किती प्रती आहेत यात असू शकते. प्रयोगशाळेच्या विषयांत पुन्हा निराळा विचार करावा लागतो : प्रयोगाची कृती व दक्षता आधी वाचून आलेला विद्यार्थी प्रात्यक्षिकाचा वेळ वाया घालवीत नाही, ही गोष्ट वादातीत आहे.

परीक्षा आणि वेळापत्रक

पद्धतीचे भवितव्य अखेर दोन नीरस गोष्टींवर ठरते. पहिली प्रश्नपत्रिका. 'मागणीचा नियम सांगून अपवाद स्पष्ट करा' असा प्रश्न येणार असेल, तर मोसंबीच्या भावावर वाद घालणे विद्यार्थ्याला वेळेचा अपव्यय वाटते आणि त्याच्या बाजूने पाहता ते चूक नाही. बाजारात मिळणारे गाइड त्या प्रश्नाचे उत्तर अधिक नेटके देते. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण महाविद्यालयाच्या हाती आहेत. निदान तेवढ्यापुरते तरी वर्गात विचारले तशा प्रकारचे प्रश्न विचारणे शक्य आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी नव्या अभ्यासक्रमांच्या ओघात सत्रान्त परीक्षेतील एखादा प्रश्न या स्वरूपाचा केला, तर त्याचा परिणाम दहा कार्यशाळांहून अधिक होईल.

दुसरी गोष्ट वेळापत्रक. भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा या भागांतील महाविद्यालयांत विद्यार्थ्यांची उपस्थिती एस. टी. बसच्या वेळेशी बांधलेली असते. सकाळची बस तासाच्या बऱ्याच आधी सोडते आणि परतीची बस तास संपल्यावर बराच वेळ नसते. हा मधला वेळ विद्यार्थी, विशेषतः विद्यार्थिनी, व्हरांड्यात किंवा स्थानकावर घालवितात. घरी नसलेला वेळ, घरी नसलेला प्रकाश आणि घरी नसलेला एकान्त या वेळेत महाविद्यालय देऊ शकते. त्यासाठी ग्रंथालयाचा वाचनकक्ष पहिल्या बसच्या वेळी उघडला पाहिजे, चार पानी टिपणांच्या प्रती तेथे टेबलावर असल्या पाहिजेत आणि ध्वनिफीत ऐकण्यासाठी चार-दोन संगणक चालू स्थितीत असले पाहिजेत. बहुसंख्य महाविद्यालयांत ग्रंथालय कार्यालयीन वेळेनुसार उघडते; ते पहिल्या बसनुसार उघडावयाचे तर ग्रंथालय परिचराची पाळी बदलावी लागेल आणि हा निर्णय प्राचार्यांच्या अखत्यारीतील आहे.